शंभर वेळा सांगितलेले खोटे

एक खोटे शंभर वेळा सांगितले की ते खरे होते, असे गोबेल्स म्हणाला होता. हे वाक्य ऐकले नाही असा मराठी वाचक सापडणे कठीण. अग्रलेखात ते येते, व्याख्यानमालेत येते, निवडणुकीच्या सभेत तर प्रत्येक बाजूचा वक्ता ते दुसऱ्या बाजूवर फेकतो. त्यावरून ‘गोबेल्सनीती’, ‘गोबेल्स तंत्र’ हे शब्द आपल्या भाषेत इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. मी स्वतः हे वाक्य अनेकदा लिहिले आहे आणि लिहिताना एकदाही त्याचे मूळ शोधले नव्हते. शोधले तेव्हा जे हाती लागले, त्यातून हा लेख उभा राहिला.

खंडनाच्या जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष पुरता मांडायला हवा. तो दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. पूर्वपक्ष असा : युद्धकाळात माणसाची बुद्धी भीतीने आणि रागाने गढूळ होते. अशा वेळी सत्तेच्या हाती रेडिओ, सिनेमा आणि वर्तमानपत्रे असतील, जोडीला मानवी मन जाणणारी हुशार माणसे असतील, तर समाजाच्या डोक्यात हवे ते भरता येते. सांगितले ते खरे की खोटे हा प्रश्न गौण, ते किती वेळा आणि किती मोठ्या आवाजात सांगितले यावर सगळे अवलंबून. गटे आणि बेथोव्हेनचा देश बारा वर्षे एका माणसाच्या मागे विनाशापर्यंत गेला तो याच बळावर. म्हणून प्रचार हे तोफेपेक्षा मोठे हत्यार आहे.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. युद्धातला प्रचार खोट्याचे खरे करत नाही. तो खऱ्याची निवड करून ते वापरतो, मनात आधीच असलेल्या द्वेषाला किंवा आशेला वाट करून देतो आणि विरुद्ध बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो. ही तिन्ही कामे भयंकर आहेत, पण त्यांत जादू नाही. आणि प्रचाराला जादू ठरवण्यात कोणाचा फायदा होता हे पाहिले, की ती समजूत टाकून द्यायला आणखी एक कारण मिळते.

आधी त्या वाक्याचेच पाहू. गोबेल्सची भाषणे, लेख आणि हजारो पानांची दैनंदिनी उपलब्ध आहे. त्यात हे वाक्य कुठेही नाही. नाझी प्रचारसाहित्याचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकी अभ्यासक रँडल बायटवर्क यांनी हे वारंवार सांगितले आहे. त्याच्या जवळपास जाणारा मजकूर सापडतो तो १२ जानेवारी १९४१ च्या एका लेखात, आणि तो चर्चिलवर केलेला आरोप आहे. इंग्रज खोटे बोलतात तेव्हा मोठे खोटे बोलतात आणि हसे झाले तरी त्याला चिकटून राहतात, असे गोबेल्सने तिथे लिहिले. म्हणजे आपण ज्याला त्याची कबुली समजतो ती त्याची तक्रार होती. तो स्वतःला सत्यवादी म्हणवत असे, आणि हे स्वाभाविकच आहे. आपण खोटे बोलतो अशी जाहिरात करणाऱ्या प्रचारमंत्र्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील?

‘मोठ्या खोट्या’ची कल्पना त्याच्या आधी हिटलरने मांडली होती. त्याच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे पुस्तकांच्या दुकानांत आणि पदपथावरच्या ढिगांत आजही दिसतात, तेव्हा ज्याला तपासायचे त्याने पहिल्या भागाचे दहावे प्रकरण उघडावे. लोक लहान खोटे ओळखतात, प्रचंड खोट्याला बळी पडतात, हा सिद्धान्त तिथे आहे. पण तो कशासाठी मांडला आहे? १९१८ च्या पराभवाचे खापर ज्यूंनी आणि मार्क्सवाद्यांनी सेनापती लुडेनडॉर्फच्या माथी फोडले, हेच ते मोठे खोटे, असे त्याला म्हणायचे आहे. लुडेनडॉर्फ त्या पराभवाला खरोखरच जबाबदार होता. त्यामुळे मोठ्या खोट्याचा हा सिद्धान्त ज्या परिच्छेदात सांगितला आहे, तो परिच्छेदच एक मोठे खोटे आहे.

आता या लुडेनडॉर्फपाशी थोडे थांबावे लागेल, कारण प्रचाराच्या सर्वशक्तिमानतेची कथा सांगणाऱ्यांत तो अगदी पुढे होता. युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत त्याने म्हटले की सापापुढे ससा जसा खिळून जातो तसे आम्ही शत्रूच्या प्रचारापुढे खिळून गेलो. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांचा मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ याच्याकडे १९१८ मध्ये शत्रुदेशांतल्या प्रचाराचे काम आले होते. लंडनच्या क्रू हाउसमधून त्याची माणसे पत्रके तयार करत आणि ती फुग्यांना बांधून जर्मन खंदकांवर सोडली जात. युद्ध जिंकल्यावर क्रू हाउसलाही आपल्या कामाची थोरवी सांगायचीच होती. हरलेला सेनापती आणि जिंकलेला प्रचारक या दोघांचीही सोय एकाच कथेत होती. १९२० नंतर प्रचारावर जी पुस्तके निघाली त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांनी ती कथा खरी धरली.

पण १९१८ मध्ये घडले काय? २१ मार्चला लुडेनडॉर्फने पश्चिम आघाडीवर शेवटचा मोठा हल्ला चढवला. सैन्य वेगाने पुढे गेले आणि ब्रिटिशांची कोठारे त्याच्या हाती लागली. तिथे पांढरा पाव होता, डबाबंद मांस होते, दारू होती, बूट होते. आपल्या पाणबुड्यांनी इंग्रजांची उपासमार केली आहे हे या सैनिकांना वर्षभर सांगितले गेले होते. घरी त्यांची बायकामुले नाकेबंदीमुळे सलगमांवर दिवस काढून आली होती. कित्येक ठिकाणी सैनिक पुढे जायचे थांबले आणि कोठारे लुटत बसले. त्या पावाने जे सांगितले ते नॉर्थक्लिफच्या कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त होते. पुढे ८ ऑगस्टला आमियाँपाशी ब्रिटिश रणगाड्यांनी आघाडी फोडली आणि एका दिवसात हजारो जर्मन सैनिक शरण गेले. अमेरिकेची ताजी फौज दर महिन्याला लाखांनी उतरत होती, फ्लूची साथ होती. २९ सप्टेंबरला तहाची मागणी करा म्हणून सरकारच्या मागे लागला तो लुडेनडॉर्फ स्वतः. हे सगळे झाकायला त्याला साप आणि ससा हवे होते. सेना हरली नाही, तिच्या मनावर भूल टाकली गेली, एवढे लोकांना पटले की सेनापती सुटला. पाठीत खंजीर खुपसल्याच्या ज्या कथेने पुढे जर्मन लोकशाहीचा बळी घेतला, तिचा हा सख्खा भाऊ.

सत्तावीस वर्षांनी तोच बचाव पुन्हा ऐकू आला. ३१ ऑगस्ट १९४६ रोजी न्यूरेंबर्गच्या न्यायालयात आल्बर्ट श्पेअरने शेवटचे निवेदन केले. रेडिओ आणि ध्वनिक्षेपक या यंत्रांच्या बळावर आठ कोटी लोकांची स्वतंत्र विचारशक्ती हिरावली गेली, असे त्याने सांगितले. हा माणूस शस्त्रास्त्रमंत्री होता. त्याच्या कारखान्यांत लाखो वेठबिगार राबले होते. आपण आज मोठ्या जाणतेपणाने ‘गोबेल्स तंत्र’ म्हणतो तेव्हा श्पेअरचाच युक्तिवाद उच्चारत असतो. आठ कोटी लोक भारले गेले होते म्हटले की शेजारच्या ज्यू कुटुंबाचे सामान लिलावात स्वस्तात घेणाऱ्याला जाब कोण विचारणार? मला या वाक्याचा राग येतो तो या कारणाने.

गोबेल्स अपयशी होता असे मी म्हणत नाही. त्याचे यश कुठे होते आणि अपयश कुठे, हे मात्र नीट पाहायला हवे. ऑक्टोबर १९४१ मध्ये राइशचा वृत्तपत्रप्रमुख ओटो डीट्रिश याने हिटलरच्या सांगण्यावरून जाहीर केले की पूर्वेकडच्या युद्धाचा निकाल लागला आहे. दोन-अडीच महिन्यांनी त्याच जनतेकडे आघाडीवरच्या जवानांसाठी लोकरीचे कपडे आणि कातडी कोट मागावे लागले. ८ नोव्हेंबर १९४२ ला हिटलरने म्युनिकमध्ये सांगितले की स्टालिनग्राड जवळपास आपल्या हाती आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथली सेना शरण गेली. सरकारने सांगितले की सगळे वीर लढता लढता धारातीर्थी पडले. वस्तुतः नव्वद हजारांवर माणसे कैद झाली होती. त्यानंतर जर्मन आया आणि बायका रात्री खिडक्या लावून, उशीखाली आवाज दाबून मॉस्कोचा रेडिओ ऐकू लागल्या, कारण तिथून कैद्यांची नावे वाचली जात. मुलगा जिवंत आहे का हे त्यांना शत्रूकडून कळून घ्यायचे होते. एसएसच्या गुप्तचर खात्याचे त्या काळचे अहवाल उपलब्ध आहेत. लोक वर्तमानपत्रावर विश्वास ठेवेनासे झाले, ओळींच्या मधले वाचू लागले, अफवांवर जगू लागले, हे त्यांत नोंदवले आहे. १८ फेब्रुवारी १९४३ च्या ‘संपूर्ण युद्ध’ भाषणाची फीत आजही दाखवली जाते आणि बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमधला तो गजर ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण ते सभागृह निवडून बसवलेल्या निष्ठावंतांनी भरलेले होते.

आणि त्याचे सर्वांत मोठे यश कोणते? माझ्या मते काटिन. स्मोलेन्स्कजवळच्या त्या जंगलात पोलिश सैन्याधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी जर्मनांना सापडली आणि १३ एप्रिल १९४३ ला बर्लिन रेडिओने ही बातमी दिली. रशियनांनी त्यांना मारले, असा आरोप होता. गोबेल्सने परदेशी डॉक्टर नेले, युद्धकैदी नेले, पोलिश रेडक्रॉसची माणसे नेली. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली आणि दोन आठवड्यांच्या आत स्टालिनने त्या सरकारशी संबंध तोडले. दोस्तांच्या आघाडीला इतकी मोठी भेग दुसऱ्या कुठल्याही प्रचाराने पाडली नव्हती. आणि ती बातमी खरी होती. मार्च १९४० च्या सोव्हिएत निर्णयानुसार काटिन आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे बावीस हजार पोलिश कैदी मारले गेले होते. या हत्यांची सोव्हिएत जबाबदारी मॉस्कोने १९९० मध्ये कबूल केली. थडग्यांत सापडलेल्या गोळ्या जर्मन बनावटीच्या निघाल्या तेव्हा गोबेल्स हादरला, ही गोष्ट बाहेर पडता कामा नये असे त्याने दैनंदिनीत लिहून ठेवले. मृतांचा आकडाही त्याने फुगवला होता. पण गाभा खरा होता, म्हणून बाकी सगळे चालून गेले. त्याच आठवड्यात, १९ एप्रिलला, वॉर्सात ज्यू वस्ती संपवायला जर्मन सैन्य शिरले होते. ते सांगायला तिथे कोणाला मोकळीक नव्हती. खोट्याचा सम्राट म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचे हत्यार इथे एक खरी गोष्ट आणि तिच्या शेजारचे मौन हे होते.

दुसऱ्या बाजूचे तंत्रही पाहू. युद्ध जाहीर झाले त्या रात्री, ३ सप्टेंबर १९३९ ला, ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर पन्नास लाखांहून अधिक पत्रके टाकली. तुमचे सरकार तुम्हाला फसवते आहे, असे त्यांत होते. ते खरेही होते. परिणाम शून्य. जर्मनी त्या घटकेला जिंकत होता, पोटे भरलेली होती, मग परक्याचा कागद कोण वाचतो?

१९४४ मध्ये याच आकाशातून दुसरा कागद पडू लागला. त्याचे नाव ‘पासीयरशाइन’, म्हणजे वाटपरवाना. तो हातात घेतला तर एखाद्या जुन्या रोख्यासारखा वाटतो : वेलबुट्टीची चौकट, एका बाजूला अमेरिकेची राजमुद्रा, दुसऱ्या बाजूला ब्रिटनची, खाली आयसेनहॉवरची सही. मजकूर जर्मन आणि इंग्रजी. त्यात हिटलरचे नाव नाही, लोकशाहीचे स्तोत्र नाही, शिव्या नाहीत. हा कागद बाळगणाऱ्या जर्मन सैनिकाला निःशस्त्र करावे, नीट वागवावे, गरजेप्रमाणे अन्न आणि औषधोपचार द्यावा आणि शक्य तितक्या लवकर धोक्याच्या जागेतून हलवावे, एवढीच दोस्त सैन्याच्या चौक्यांना उद्देशून सूचना. पाठीमागे युद्धकैद्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची कलमे. ज्या सैनिकाला सही-शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवायची सवय लहानपणापासून लागलेली, त्याच्यासाठी तो तसा छापला होता. पकडलेल्या असंख्य सैनिकांच्या खिशात, बुटात, टोपीच्या अस्तरात तो घडी करून ठेवलेला सापडला. मानसशास्त्र इथे निश्चित आहे आणि फार बारीक आहे. पण त्याने सैनिकाचे मत बदलायचा प्रयत्न केला नाही. हरलो आहोत हे त्याला ठाऊक होते, जगायचे होते, आणि पलीकडे गेल्यावर गोळी घालतील ही भीती होती. कागदाने तेवढी भीती काढली. आणि वचन पाळले गेले, म्हणून पुढच्या कागदाला किंमत राहिली. याच काळात अमेरिकेतल्या छावण्यांत कैद्यांना सकाळी अंडी मिळतात असेही काही पत्रकांत छापले होते. ते शब्दशः खरे होते, पण उपाशी जर्मन सैनिकाला ती थाप वाटली. प्रचारकांनी त्यातून धडा घेतला की खरे असून भागत नाही, ते ऐकणाऱ्याच्या अनुभवात बसावे लागते. खोट्याला तर ही अट दुप्पट लागू.

दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी, एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी, १९४८ मध्ये जर्मन सैन्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की सैनिक टिकून लढला तो मुख्यतः आपल्या तुकडीतल्या सोबत्यांसाठी, नाझी विचारांसाठी नव्हे. तुकडी फुटली, अन्नपाणी तुटले, की पत्रके कामाला येऊ लागली, तोवर नाही. इतिहासकार ओमर बार्तोव यांनी नंतर याला जोरदार हरकत घेतली. रशियाच्या आघाडीवर तुकड्या आठवड्यांत संपत होत्या तरी लोक लढत राहिले, याचा अर्थ विचारसरणी मुरली होती, असे ते म्हणतात. ही हरकत मला बरीचशी मान्य आहे. पण तिथेही वर्षानुवर्षे शाळेत आणि हिटलर युवक संघटनेत घडवलेली मने होती, आपण केलेल्या अत्याचारांचा सूड घेतला जाईल ही धास्ती होती, आणि मागे हटणाऱ्याला गोळी घालणारी लष्करी न्यायालये होती, हे बार्तोवच दाखवतात.

आपल्याकडे या विषयाचे सर्वांत जुने आणि सर्वांत नेमके उदाहरण महाभारतात आहे आणि आपण ते रोज वापरून गुळगुळीत केले आहे. द्रोणांना हटवायचे म्हणून भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेला असे ओरडून सांगतो. द्रोणांचे गात्र क्षणभर ढिले पडते, पण आपल्या मुलाचे बळ त्यांना ठाऊक आहे, म्हणून ते विश्वास ठेवत नाहीत आणि लढत राहतात. भीमाने शंभर वेळा ओरडून सांगितले असते तरी द्रोण लढतच राहिले असते. त्यांनी धर्मराजाला विचारले, कारण तो त्रैलोक्याच्या राज्यासाठीही खोटे बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. त्याच्या तोंडून अर्धे सत्य आले आणि द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण दुटप्पीपणाला म्हणतो. पण युद्धशास्त्र म्हणून ती कथा वाचली तर तिचे म्हणणे एवढेच की युधिष्ठिराने आयुष्यभर जमवलेली सत्याची पुंजी त्या एका वाक्यात खर्ची पडली. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली आला, असे व्यासांनी लिहिले आहे. बीबीसीला युद्धकाळात जी पत मिळाली ती याच जातीची होती. सिंगापूर पडले, टोब्रुक पडले, हे तिने स्वतः सांगितले होते. ती निर्दोष नव्हती. १५ सप्टेंबर १९४० ला १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले, खरा आकडा साठाच्या आसपास होता. पण पराभव लपवले नाहीत म्हणून फुगवलेला विजयही खपला.

पूर्वपक्षाकडे याहून भक्कम पुरावे आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला पुरावा प्रयोगशाळेतला. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की तेच विधान पुन्हा पुन्हा ऐकले की ते थोडे अधिक खरे वाटू लागते. हा परिणाम नंतर अनेकांनी पडताळला आहे आणि तो खराच आहे. पण तो ‘थोडे अधिक’ एवढाच आहे, आणि बहुतेक अशा किरकोळ माहितीबद्दल, जिच्याशी ऐकणाऱ्याचे काही देणेघेणे नसते. मुलगा जिवंत की मेला, ताटात भाकरी आहे की नाही, अशा गोष्टी त्या प्रयोगात नव्हत्या. युद्धाबद्दलचा प्रयोग अमेरिकी सैन्यानेच करून घेतला होता. फ्रँक काप्राने जवानांसाठी काढलेले ‘आपण का लढतो’ या मालिकेतले चित्रपट कार्ल हॉवलँड आणि सहकाऱ्यांनी हजारो सैनिकांवर तपासले. निष्कर्ष १९४९ मध्ये छापून आले. माहिती भरपूर वाढली, काही मते थोडी बदलली, त्यांतल्या काहींवरचा परिणाम नऊ आठवड्यांनी वाढलेलाही दिसला. मात्र लढण्याची इच्छा जिथे होती तिथेच राहिली, आणि चित्रपट काढले होते ते तर त्याचसाठी.

दुसरा पुरावा जर्मनीतलाच आहे. माया अडेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये रेडिओच्या लहरी कुठवर पोचत होत्या याचा हिशेब मांडून अभ्यास प्रसिद्ध केला. नाझी सत्तेत आल्यावर रेडिओने त्यांना मते मिळवून दिली, ज्यूंविरुद्ध चुगल्याही वाढवल्या, हे त्यात आहे. पण त्याचाच दुसरा अर्धा भाग असा की ज्या गावांत ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती तिथे हे झाले, आणि जिथे ती नव्हती तिथे रेडिओचा प्रचार उलटला. लाकूड वाळलेले होते तिथेच ठिणगी धरली. लहान मुलांबाबत मात्र मी पूर्वपक्षापुढे मान तुकवतो. नाझी शाळांत शिकलेल्या पिढीत पन्नास-साठ वर्षांनंतरही ज्यूद्वेष इतरांपेक्षा लक्षणीय जास्त आढळला आहे. ज्याच्याजवळ तुलनेला दुसरा अनुभवच नाही, त्याच्या मनावर काहीही कोरता येते. पाठ्यपुस्तकांवरच्या भांडणांना म्हणूनच मी क्षुल्लक मानत नाही.

आणि खोटे? ते युद्धात कधीच चालत नाही काय? चालते, दूरच्या गोष्टीबद्दल, ज्यावर आपल्याला आधीच विश्वास ठेवायचा असतो. १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापले की जर्मन आपल्याच मेलेल्या सैनिकांची चरबी कारखान्यात काढतात. ज्या जर्मन शब्दावरून ही बातमी रचली तो जनावरांच्या सांगाड्यांसाठी होता. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केले की त्याला आधार नव्हता. या खोट्याचे मोल दुसऱ्याच लोकांनी भरले. १९४२-४३ मध्ये पोलंडमधून ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा लंडनमधल्या अधिकाऱ्यांना मागच्या युद्धातला तो चरबीचा कारखाना आठवला आणि त्यांनी अविश्वासाने मान हलवली.

भारतातल्या वाचकाला १९७१ आठवेल. त्या डिसेंबरात जनरल माणेकशा यांचे संदेश आकाशवाणीवरून पूर्व पाकिस्तानातल्या सैन्यासाठी दिले जात होते, पत्रकेही टाकली जात होती : तुम्ही वेढले गेला आहात, शस्त्रे ठेवा, जिनिव्हा करारानुसार वागवू. ११ डिसेंबरला टांगाईलजवळ आपली एक छत्रीधारी पलटण उतरली. ही दुसरी पॅराशूट पलटण, पूर्वीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी, आणि नावापुढे ‘मराठा’ तेव्हाही लावणारी. सातशेच्या आसपास जवान होते. जगभर बातमी गेली ती पाच हजारांच्या ब्रिगेडची, आणि सोबतचे छायाचित्रही एका जुन्या सरावातले होते. ढाक्यातल्या सेनापतींचे धैर्य खचायला त्या बातमीचा हातभार लागला असे अनेक जण सांगतात, आणि मला ते खोटे वाटत नाही. पण टांगाईलजवळचा पुंगलीचा पूल त्या जवानांनी खरोखर जिंकून धरला होता. बंदरांची नाकेबंदी खरी होती, १४ डिसेंबरला गव्हर्नरच्या घरावर पडलेले बॉम्ब खरे होते. सातशेचे पाच हजार करता आले, कारण सातशे होते. आणि १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर त्र्याण्णव हजार कैद्यांना दिलेला शब्द पाळला गेला. माणेकशांच्या आवाजाला वजन होते ते याचे.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. यासाठी, की चुकीचे निदान केले की औषधही चुकते. शंभर वेळा सांगण्यात शक्ती आहे असे मानले की आपण खोटे मोजत बसतो, प्रत्येक थापेला उत्तर देत बसतो, आणि कोणाला बोलू दिले जात नाही हे पाहायचे राहून जाते. गोबेल्सला ते पक्के ठाऊक होते. त्याने स्वस्त रेडिओ घराघरांत पोचवला हे आपण नेहमी सांगतो. १९३३ चा तो संच ७६ मार्कांना मिळे. पण युद्ध सुरू झाल्यावर त्याच रेडिओच्या बटणाला पुठ्ठ्याची एक छोटी चिठ्ठी अडकवली जाऊ लागली, ती आपण सांगत नाही. परदेशी केंद्र ऐकणे हा राष्ट्राविरुद्धचा गुन्हा आहे आणि त्याला सक्तमजुरीची शिक्षा आहे, याची आठवण ठेवा, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. ऐकलेले दुसऱ्याला सांगितले तर देहदंडापर्यंत शिक्षा होती आणि ती दिलीही गेली. केंद्र बदलायला हात पुढे केला की बोटांना आधी ती चिठ्ठी लागे.

कायदामंत्र्याच्या हरकती बाजूला सारून गोबेल्सने हा वटहुकूम काढून घेतला. त्यावरची तारीख १ सप्टेंबर १९३९ आहे. जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले तो हाच दिवस.